पाचशेदोन कुणाचं?

“टाइमआउट वाढवून बघ ना.”

आमच्या धंद्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. गेल्या पावसाळ्यात हेच वाक्य मी स्वतः म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, तर ६० चे ३०० करून, फाइल सेव्ह करून, चहा प्यायला निघून गेलो. त्या चहाचा हिशोब आज मांडायचाय. शनिवार आहे, बाहेर पाऊस नाही, कुणाचा कॉल नाही. तर बसा.

ज्यांचा या भानगडीशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. (येतो त्यांनीही वाचा, कारण यातला कंपाउंडर पुढे परत येणार आहे.)

लहानपणीचा फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना आठवा. आत डॉक्टर, बाहेर कंपाउंडर. तुम्ही डॉक्टरांशी थेट बोलत नाही. कंपाउंडरला नाव सांगता, तो चिठ्ठी घेऊन आत जातो, आतून जे उत्तर येईल ते बाहेर आणतो. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे हा कंपाउंडर. आमच्याकडे ते काम एन्जिनएक्स करतो. इगोर सिसोएव्ह नावाच्या रशियन माणसाने २००४ मध्ये तो लोकांसाठी खुला केला आणि आज अर्ध्या जगाच्या दारात तोच बसलेला असतो. आतले डॉक्टर म्हणजे आमचं जावा ॲप्लिकेशन, टॉमकॅटवर चालणारं. हा टॉमकॅटही जुनाच गडी, १९९९ मध्ये सनने त्याचा कोड अपाचेच्या हवाली केला तेव्हापासूनचा.

आता कंपाउंडर रिकाम्या हाताने बाहेर आला तर तो काय सांगतो ते महत्त्वाचं. “तासभर थांबलो, डॉक्टर काहीच बोलले नाहीत” हे ५०४. “गर्दी आहे, नंतर या” हे ५०३. आणि “आत गेलो खरा, पण धड उत्तरच मिळालं नाही” हे ५०२. आणखी एक गंमत म्हणजे ४९९. हा आकडा कुठल्याही आरएफसीत सापडणार नाही, एन्जिनएक्सने स्वतःच्या लॉगपुरता तयार केलाय. अर्थ असा की पेशंटच कंटाळून घरी गेला.

चार आकडे, चार वेगळे आजार. आणि आपण सगळ्यांना एकच औषध देतो. टाइमआउट वाढव, नाहीतर रिस्टार्ट मार.

तर झालं असं. आमचा एक क्लायंट म्हणजे एक रुग्णालय. नाव-गाव सांगत नाही, गरजही नाही. तिथल्या लॅबमध्ये रक्त तपासणारी मशिन्स आहेत. मशिनला जोडलेल्या पीसीवर एक छोटा प्रोग्रॅम चालतो. त्याचं काम एवढंच की तयार झालेले निकाल आमच्या सर्व्हरला पाठवायचे. एक खेप पाठवून झाली की २० सेकंद थांबायचं, मग पुढची. खेप पोचली तर ओळ हिरवी, नाही पोचली तर लाल. लाल ओळ प्रोग्रॅम आपणहून परत पाठवत नाही. का, तर कदाचित ती पोचलेलीही असेल आणि एकाच पेशंटच्या नावावर दोनदा नोंद व्हायची. मग रात्रपाळीच्या टेक्निशियनने ती ओळ उघडायची, मशिनमधून निघालेल्या कागदाशी आकडे ताडून बघायचे आणि ‘पुन्हा पाठवा’ दाबायचं.

रात्रीतून दोन-तीन ओळी लाल व्हायला लागल्या. दिवसा एकही नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी काय विचारलं असेल? “तुमचं नेट बघितलं का?” हो, तेच. टेक्निशियन वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. शांतपणे म्हणाले, “सर, नेट गेलं असतं तर सगळंच लाल झालं असतं. एकच ओळ होते. आणि परत दाबलं की लगेच जाते. रात्री एकनंतर जास्त होतं.”

हे वाक्य परत वाचा. त्यात अख्खं निदान आहे. एकच ओळ, परत दाबलं की जाते, रात्री जास्त. माणसाने तीन लक्षणं अचूक सांगितली होती आणि मी तिकिटात लिहिलं, “यूजर रिपोर्ट्स इंटरमिटंट इश्यू”. आपल्या तिकिटांच्या इंग्रजीत माणसाचं बोलणं घातलं की त्यातलं नेमकं कामाचं तेवढं गाळून जातं, हा माझा अनुभव आहे. इंटरमिटंट हा शब्द तर बंदच केला पाहिजे. त्याचा खरा अर्थ ‘कधी होतं ते मी बघितलेलं नाही’.

मग सुरू झाला नेहमीचा तमाशा. एन्जिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ओळ होती, ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’. म्हणजे आतल्या बाजूने वेळेआधीच कनेक्शन तोडलं. आम्ही इन्फ्रावाले यावर खूश! बघा, लॉगच सांगतोय, आतल्याने तोडलं. आत कोण? जावा. जावा कुणाचं? डेव्हलपमेंट टीमचं. तिकीट तिकडे. तिकडच्यांनी आपला लॉग बघितला. त्यात काहीही नाही. एक्सेप्शन नाही, एरर नाही, ती रिक्वेस्ट आल्याची नोंदसुद्धा नाही. ते म्हणाले, आमच्यापर्यंत आलेलीच नाही, तुमचा प्रॉक्सी बघा. तिकीट परत इकडे.

दोघंही खरं बोलत होते. हेच तर दुखणं आहे.

असे अकरा आठवडे गेले. या अकरा आठवड्यांत आम्ही काय काय केलं त्याची यादी देताना आज हसू येतं, तेव्हा घाम फुटला होता. टॉमकॅट रोज पहाटे रिस्टार्ट करायचा जॉब लावला. हीप २ जीबीची ४ केली, कारण जावा म्हटलं की मेमरीच असणार असं आपल्याकडे शाळेपासून शिकवल्यासारखं पक्कं आहे. गार्बेज कलेक्शनच्या लॉगचे आलेख काढले, सुंदर दिसत होते, उपयोग शून्य. आणि मी प्रॉक्सी रीड टाइमआउट ६० सेकंदांचा ३०० केला.

यातल्या शेवटच्या पराक्रमाबद्दल थोडं बोलतो, कारण त्याने लाल ओळी कमी झाल्या नाहीतच, वर एक नवीन दुखणं सुरू झालं. दिवसा एक मासिक अहवाल निघायचा, त्याची क्वेरी संथ होती. आधी ६० सेकंदांनी ५०४ यायचा, लोक चरफडायचे आणि सोडून द्यायचे. आता ३०० सेकंद कुणी वाट बघतं का? लोक रिफ्रेश दाबायचे. एन्जिनएक्स आपल्या वहीत ४९९ लिहून मोकळा. पण आत टॉमकॅटला कुठे कळतंय की पेशंट घरी गेला! तो थ्रेड क्वेरीच्या उत्तराची वाट बघत तसाच अडकलेला, आणि रिफ्रेशबरोबर दुसरा थ्रेड त्याच कामाला जुंपलेला. टॉमकॅटकडे मुळात २०० थ्रेड असतात, वेगळं काही लिहिलं नाही तर. पूर्वी संथ क्वेरी थेट माणसाला दिसायची, आता ती आत साठायला लागली. एका सोमवारी सकाळी अकराला दोनशेच्या दोनशे अडकले आणि ओपीडीसकट सगळं ठप्प. टाइमआउट वाढवणं म्हणजे दवाखान्याच्या बाहेर आणखी बाकडी टाकणं. डॉक्टरांचा हात त्याने चालत नाही लवकर.

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. एका रात्री लाल झालेल्या ओळीत पोटॅशियमचा निकाल होता. तातडीचा. टेक्निशियन दुसऱ्या मशिनवर होते, त्यांना लाल ओळ दिसायला वेळ लागला, निकाल वॉर्डात चाळीस मिनिटं उशिरा दिसला. पेशंटला काही झालं नाही. निकाल नॉर्मल होता. पण तो नॉर्मल होता हे चाळीस मिनिटं कुणालाच माहीत नव्हतं, आणि अशा वेळी ‘काही झालं नाही’ यात आमचं कर्तृत्व शून्य.

मग रीतसर इन्सिडंट रिपोर्ट. आमच्याकडच्या फॉर्ममध्ये एक ड्रॉपडाउन आहे, मूळ कारण कुठे? पर्याय चार. ॲप्लिकेशन, इन्फ्रास्ट्रक्चर, नेटवर्क, यूजर. त्याखाली जबाबदार व्यक्ती. तीन रिपोर्ट झाले, तिन्हींत ‘ॲप्लिकेशन’, आणि नाव त्या मॉड्यूलचा कोड शेवटी ज्याने बदलला त्याचं. म्हणजे जिने बदलला तिचं. कॉलेजमधून येऊन वर्षही झालं नव्हतं तिला. तिने काय बदललं होतं? एका कॉलमचं नाव.

कँटीनमध्ये ती मला म्हणाली, “दादा, मी सगळा कोड चार वेळा वाचला. मला खरंच दिसत नाहीये. मला येत नाही असं असेल का?” आता, जो माणूस असा प्रश्न स्वतःला विचारतो त्याला येत असतंच. पण मला बरं वाटलं नाही. चहा तसाच ठेवून वर आलो आणि पहिल्यांदाच, अकरा आठवड्यांत पहिल्यांदा, अंदाज न करता मोजायला बसलो.

एन्जिनएक्सचा नेहमीचा ॲक्सेस लॉग फार कंजूष असतो. कोण आलं, काय मागितलं, कुठला आकडा परत गेला, बस. आत किती वेळ लागला ते त्यात नसतं. ते तुम्हाला लॉग फॉरमॅटमध्ये स्वतः घालावं लागतं. एकूण लागलेला वेळ, आतून उत्तर यायला लागलेला वेळ, आतल्याने दिलेला आकडा आणि आतल्याचा पत्ता. चार शब्द. मी ते घातले आणि घरी गेलो.

सकाळी बघितलं. रात्री तीन ५०२. आतून उत्तर यायला लागलेला वेळ ०.००१, ०.०००, ०.००१ सेकंद.

एक मिलिसेकंद! आणि मी ३०० सेकंदांचा टाइमआउट लावून बसलो होतो. पेशंट दारात पाय ठेवायच्या आत परत फिरला होता आणि मी बाकडी मोजत होतो. हा आकडा पहिल्या दिवशी बघितला असता तर हीप, जीसी, रिस्टार्ट यातलं काहीच करावं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तिन्ही रिक्वेस्ट पोस्ट होत्या. निकाल पाठवणाऱ्या. हाच प्रोग्रॅम अधूनमधून बाकी सॅम्पलची यादी मागायला गेटही करतो, ती एकही फेल नाही. मला वाटलं, चला, पोस्टच्या कोडमध्ये काहीतरी आहे, म्हणजे परत त्या बिचारीच्याच गळ्यात. पण गेटच्या ओळी नीट बघितल्या तर काही ठिकाणी आतल्याचा आकडा एक नव्हता, दोन होते. ‘५०२, २००’. म्हणजे गेटही मरत होती! फक्त एन्जिनएक्स गुपचूप दुसऱ्यांदा जाऊन उत्तर आणत होता आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नव्हता.

आता कंपाउंडरला परत बोलवू. आत जाऊन नुसतं काही विचारायचं असेल, “डॉक्टर, हिचा रिपोर्ट आला का?”, आणि उत्तर मिळालं नाही, तर तो परत जाऊन विचारेल. दोनदा विचारण्यात काही बिघडत नाही. पण चिठ्ठी ‘इंजेक्शन द्या’ अशी असेल तर? दिलं की नाही ते त्याला माहीत नाही. परत नेली चिठ्ठी आणि दोनदा टोचलं तर? शहाणा कंपाउंडर अशा वेळी बाहेर येऊन सरळ सांगतो, मला माहीत नाही. एन्जिनएक्सही २०१६ मधल्या १.९.१३ या आवृत्तीपासून असाच शहाणा झालाय. पोस्ट एकदा आत पाठवून झाली असेल तर आपणहून परत पाठवत नाही.

पण मुळात मरत का होत्या? टीसीपीडंप लावला. प्रॉक्सी आणि टॉमकॅटच्या मधल्या तारेवर काय चाललंय ते बघायला. दुसऱ्या रात्री सापडलं. कनेक्शन रिकामं पडून २० सेकंद झाले की टॉमकॅटकडून फिन यायचा, म्हणजे ‘मी बंद करतोय’. आणि त्या तीन-चार वाईट वेळांना नेमकं त्याच क्षणी इकडून पोस्ट निघालेली. दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून गेले.

पूर्वी एन्जिनएक्स दर रिक्वेस्टला टॉमकॅटशी नवीन कनेक्शन उघडायचा, काम झालं की बंद. दर वेळी दार ठोठावून आत जाणं. यात थोडा वेळ जातो. म्हणून कीप-अलाइव्ह वापरतात. दार उघडंच ठेवायचं, पुढच्या पेशंटला तेवढं ठोठावणं वाचलं. फक्त किती वेळ उघडं ठेवायचं हे दोन्ही बाजू आपापलं ठरवतात, एकमेकांना न विचारता. एन्जिनएक्सच्या या बाजूला वेगळं काही लिहिलं नाही तर ६० सेकंद. टॉमकॅटच्या कागदपत्रांतही ६० च दिसतात, त्यामुळे वरवर बघणारा म्हणेल जुळतंय की. पण टॉमकॅटबरोबर जी सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइल येते तिच्यात कनेक्शन टाइमआउट २०,००० मिलिसेकंद असा लिहूनच येतो आणि कीप-अलाइव्ह टाइमआउट वेगळा दिला नसेल तर तो हाच आकडा उचलतो. म्हणजे डॉक्टर २० सेकंदांनी दार लावणार आणि कंपाउंडर समजून चाललाय की ६० सेकंद उघडं आहे.

एरवी यानेही काही बिघडत नाही. दार लागलेलं दिसलं की कंपाउंडर नवीन ठोठावतो. बिघडतं फक्त दार लागता लागता तो चौकटीत असेल तर. आणि आमचा लॅबचा प्रोग्रॅम किती सेकंदांनी येत होता? वीस! कुणीतरी गोल आकडा म्हणून २० लिहिला, टॉमकॅटवाल्यांनीही गोल आकडा म्हणून २० लिहिला. दिवसा बाकीची वर्दळ असते, दार २० सेकंद रिकामं कधी राहतच नाही. रात्री एकनंतर लॅबचा प्रोग्रॅम सोडून कुणीच नाही. म्हणून रात्री. टेक्निशियन पहिल्या दिवशीच म्हणाले होते.

यात लोड टेस्टिंगवाल्यांसाठी एक वाईट बातमी आहे. आम्ही लोड टेस्ट केली होती, हजारो रिक्वेस्ट मारल्या, एकही ५०२ नाही. येणारच नाही! हा आजार गर्दीत होत नाही, सामसुमीत होतो.

आता खरं ते. एन्जिनएक्समध्ये कीप-अलाइव्हच्या त्या ओळी कुणी घातल्या? मी. उन्हाळ्यात. परफॉर्मन्स सुधारायला. सुधारलाही, आलेख काढून मेल केला, वरून ‘गुड जॉब’ आलं, अप्रेझलमध्येही लिहिलं. टॉमकॅटची फाइल तेव्हा उघडून बघितली नाही, कारण ती ‘त्यांची’ फाइल. त्यांनी माझी बघितली नाही, कारण ती माझी. ज्या रिपोर्टमध्ये त्या मुलीचं नाव होतं तिथे माझं असायला हवं होतं, आणि तेही पूर्ण खरं नाही. माझ्या फाइलमध्ये एकही ओळ चुकीची नव्हती. त्यांच्याही नव्हती. चूक होती ती दोन फाइलींच्या मध्ये, आणि मध्ये काय आहे ते वाचायची नोकरी कुणाचीच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी यापुढे दर मीटिंगमध्ये म्हणणार आहे, कंटाळा येईपर्यंत. प्रॉक्सी आणि ॲप्लिकेशनमधली दुखणी बहुतेक वेळा कुणा एकाची नसतात, आणि ‘कुणाचं?’ या प्रश्नाने आपण सुरुवात करतो म्हणून ती अकरा-अकरा आठवडे सापडत नाहीत. हे एकच उदाहरण नाही. बाहेर एचटीटीपीएस, आत साधं एचटीटीपी, आणि जावाला कुणी सांगितलंच नाही की बाहेर कुलूप आहे. मग लॉगिननंतर ते बिचारं सगळ्यांना साध्या पत्त्यावर पाठवतं, प्रॉक्सी परत कुलपाकडे पाठवतो, ब्राउझर गरगर फिरून शेवटी हात टेकतो. प्रॉक्सीने हेडर पाठवायचा आणि ॲपने तो मानायचा, दोन्ही लागतं, एकाने करून भागत नाही. किंवा फाइल अपलोड. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपलीकडे घेत नाही, स्प्रिंग बूट एका फाइलला १ एमबीच देतो. तुम्ही एकीकडे वाढवता, मग तोच फॉर्म दुसऱ्या एररने पडतो आणि लोक म्हणतात फिक्स झालंच नाही. प्रत्येक ठिकाणी तेच. भिंत दोघांची, पोपडे कुणाचेच नाहीत. (सोसायटीच्या मीटिंगला बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.)

“आता कुठे हे राहिलंय, सगळं क्लाउडवर गेलंय” असं एक मित्र म्हणाला. बरं. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट वेगळं काही लिहिलं नाही तर ६० सेकंद असतो, आणि मागे उभ्या असलेल्या ॲपचा कीप-अलाइव्ह त्याहून जास्त ठेवा असं त्यांच्याच कागदपत्रांत सांगितलंय. म्हणजे कंपाउंडर बदलला, दार तेच. उलट आता कंपाउंडरची फाइल तुमच्या हातात नाही, नुसता स्क्रीनवरचा एक चौकोन आहे, त्यामुळे बघायची शक्यता आणखी कमी.

यात नवीनही काही नाही हो. रिकामं कनेक्शन एक बाजू बंद करत असतानाच दुसरी बाजू त्यावर रिक्वेस्ट पाठवायला लागू शकते, हे १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय. आम्ही ते वाचायच्या ऐवजी हीप वाढवला.

दुरुस्ती? एक ओळ. जो रिक्वेस्ट पाठवतो त्याने आधी दार सोडायचं, जो उत्तर देतो त्याने थोडं जास्त थांबायचं. टॉमकॅटचा आकडा ६० च्या वर नेता आला असता, पण त्यासाठी रिलीज लागतो, मंजुरी लागते, आणि घाण मीच केली होती. एन्जिनएक्सच्या अपस्ट्रीम भागात कीप-अलाइव्ह टाइमआउट १५ सेकंद लिहिला. ३०० चे परत ६० केले, आणि पहाटेचा रिस्टार्टचा जॉब काढला. एक जण म्हणाला होता, पोस्टलाही परत पाठवायची परवानगी देऊन टाक की, एन्जिनएक्समध्ये तसा पर्याय आहे. आहे, खरं आहे. पण इंजेक्शन! पेशंटच्या नावावर दोन पोटॅशियम नोंदले गेले तर खरा कुठला हे कोण सांगणार? ज्या भीतीने लॅबच्या प्रोग्रॅमवाल्याने लाल ओळ ठेवली तीच भीती बरोबर होती. त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.

आता आमच्याकडे एक तक्ता केलाय. ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत वाटेत जितके टाइमआउट आहेत ते सगळे एका कागदावर, शेजारी शेजारी. सतरा निघाले. त्यातले पाच कुणी आणि का लिहिले ते कुणालाच आठवत नाही. दोन्ही टीमच्या कॉन्फिग फाइली एकाच रेपोत आणल्या, आणि प्रॉक्सीच्या बदलाला डेव्हलपरची आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलच्या बदलाला आमची सही लागते. यावर भरपूर कुरकुर झाली. वेळ जातो, स्प्रिंट मोडतो वगैरे. जातो वेळ. अकरा आठवडेही गेलेच होते.

त्या मुलीला मी सगळं दाखवलं, टीसीपीडंपसकट. तिने फिन आणि पोस्टच्या ओळींवर बोट ठेवून दोनदा वेळा वाचल्या. मग म्हणाली, “म्हणजे मी कोड चार वेळा वाचला त्यात नव्हतंच.” नव्हतंच गं बाई.

चौथा रिपोर्ट मी लिहिला. ड्रॉपडाउनमध्ये ‘दोघांच्या मध्ये’ असा पर्याय नाही, म्हणून ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ निवडलं आणि खाली माझं नाव घातलं. मॅनेजर म्हणाला, “जुनं कशाला उकरतोस, बंद झालंय ना?” नवीन बंद झालंय. आधीचे तीन रिपोर्ट सिस्टीममध्ये तसेच आहेत. बंद तिकिटातलं नावाचं खानं बदलता येत नाही, फक्त खाली कॉमेंट टाकता येते. तिन्हींवर टाकलीय. पण तिच्या अप्रेझलच्या वेळी कॉमेंट कोण उघडून बघणार? खानंच बदलून द्या म्हणून टूलच्या ॲडमिनला मेल केलाय, दोनदा. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला ‘टेक्निकली पॉसिबल नाही’. डेटाबेसमधल्या एका रकान्यातलं नाव बदलणं टेक्निकली पॉसिबल नाही म्हणे! सोमवारी त्याच्या टेबलापाशीच जाऊन बसतो.

लॅबमधून काल रात्री फोन होता. दचकून उचलला. “सर, लाल काही नाही. प्रिंटर चालत नाहीये.”